‘कार्ड सापडत नाही’ म्हणजे नेमकं कुठे सापडत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या संगणकाच्या प्रश्नोत्तरांत एका वाचकानं विचारलं होतं, की लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्ड दिसत नाही, काय करावं? उत्तर दोन वाक्यांत आटोपलं होतं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाका; तरीही दिसलं नाही तर कार्ड गेलं असं समजा. या उत्तराबद्दल माझी तक्रार आहे. ती मांडायला पत्रांच्या सदरापेक्षा जरा जास्त जागा लागेल, हे आधीच कबूल करतो. कात्री चालवायचीच असेल तर माझ्या आठवणींवर चालवा, कमांडवर नको.

मी संगणकातला माणूस नव्हे. माझी नोकरी टेलिफोनच्या तारांत गेली. एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर बसायचं, तक्रार आली की लाइन तपासायची आणि दोष कुठे आहे ते लाइनमनला सांगायचं, हे माझं काम. तक्रारवहीत शब्द कायम एकच असायचा: ‘डेड’. ग्राहकाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, रिसीव्हर उचलला की काही ऐकू येत नाही म्हणजे डेड. पण आमच्या टेबलावर त्या एका शब्दाचे पाच-सहा अर्थ निघायचे. एक्स्चेंजमधला फ्यूज उडालेला, भूमिगत केबलमध्ये पाणी शिरलेलं, रस्त्यावरच्या पिलरमध्ये, म्हणजे जोडणीच्या पेटीत, जोड सुटलेला, खांबावरून घरात येणारी तार तुटलेली, नाहीतर घरातल्याच कुणीतरी झाडताना भिंतीवरच्या रोझेटमधली, म्हणजे जोडणीच्या डबीतली, पिन उपटलेली. या सगळ्यांना ‘फोन बदला’ हे एकच उत्तर देणारा माणूस आमच्याकडे आठवडाभरही टिकला नसता. आपल्या सदरातलं उत्तर मला त्या माणसाचं वाटलं.

वाटण्याचं कारण असं, की महिन्याभरापूर्वी मीही नेमका तोच मूर्खपणा केला.

माझा जुना लॅपटॉप मी पुतणीला दिला. ती ब्लेंडर हा त्रिमितीय चलत्‌चित्रं बनवायचा प्रोग्राम शिकते आहे. त्यात दोन ग्राफिक्स आहेत: प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेलं इंटेलचं, आणि वेगळं असं एनव्हीडियाचं. तिनं दहा सेकंदांची एक फीत बनवली होती. वाऱ्यानं हलणारा पडदा आणि त्याच्यामागे कंदील, एवढंच. दर सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे एकूण २४०. एकेका चित्राला ४ मिनिटं लागत होती. २४० गुणिले ४ म्हणजे १६ तास. लॅपटॉप रात्रभर घुमत होता आणि सकाळी पडदा अर्धाच हलला होता. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये कोणत्या उपकरणावर काम करायचं याची यादी असते. तिथे कार्डाचं नाव यायला हवं होतं. त्याऐवजी सुसंगत जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, सापडला नाही, असं एक वाक्य होतं. पुतणी म्हणाली, “काका, कार्ड गेलंय बहुतेक. तुम्ही कधी वापरलं होतं?” मी म्हणालो, बघतो.

आणि बघितलं काहीच नाही. सरळ ड्रायव्हर काढला आणि पुन्हा टाकला. मला तसं करायला लावणारा एक संदेशही होता. एनव्हीडिया-एसएमआय नावाची कमांड असते, कार्डाची तब्येत सांगणारी. (कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना रोमन अक्षरांत करायची, हे सांगायला नकोच.) ती चालवली की उत्तर यायचं: ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकला नाही, ताजा ड्रायव्हर टाकलेला आणि सुरू आहे याची खात्री करा. हे वाचून कुणीही ड्रायव्हरच्याच मागे लागेल. पण कार्डच जागेवर नसेल तर ड्रायव्हर सुरू होत नाही, आणि ड्रायव्हर सुरू नसला की ही कमांड हेच वाक्य म्हणते. तिला बिचारीला त्यापलीकडचं दिसत नाही. पहिल्या रात्री लिनक्सच्या एका पॅकेजमधून, म्हणजे तयार गठ्ठ्यातून, ड्रायव्हर टाकला, दुसऱ्या रात्री वेगळ्या पॅकेजमधून. दोन्ही वेळा टाकण्याचं काम कुरकुर न होता पार पडलं. एनव्हीडियाचा स्वतःचा इन्स्टॉलर वापरला असता तर त्यानं निदान इशारा दिला असता, की या यंत्रात आमचं कार्ड दिसत नाही. पॅकेज मॅनेजर असलं काही बोलत नाही. ज्या घरापर्यंत तार पोचलेलीच नाही, त्या घरात मी दोन रात्री नवनवे फोन नेऊन ठेवत होतो.

तिसऱ्या दिवशी जुनी सवय जागी झाली. तार कुठपर्यंत जिवंत आहे?

लॅपटॉपच्या आत उपकरणं ज्या मार्गावर बसलेली असतात त्याला पीसीआय म्हणतात, आणि त्या मार्गावर कोण कोण हजर आहे याची हजेरी घेणारी कमांड म्हणजे एलएसपीसीआय. इथे एक खड्डा आहे आणि माझ्याआधी त्यात अनेकजण पडलेले असणार. ठिकठिकाणी सांगितलेलं असतं, की या यादीत ‘व्हीजीए’ हा शब्द शोधा. मी शोधला. एकच ओळ आली, इंटेलची. झालं, कार्ड नाही! पण लॅपटॉपमधलं वेगळं कार्ड बऱ्याचदा ‘व्हीजीए’ या नावाखाली नोंदलेलंच नसतं. पडद्याची तार इंटेलच्या चिपला जोडलेली असते. दुसरं कार्ड चित्र तयार करून इंटेलच्या हाती देतं, त्याचा स्वतःचा पडद्याशी संबंध नसतो. म्हणून त्याची नोंद होते ‘थ्रीडी कंट्रोलर’ म्हणून. सांकेतिक अंकांत सांगायचं तर पडदा चालवणाऱ्याचा वर्ग ०३००, आणि याचा ०३०२. ‘व्हीजीए’ शोधणाऱ्याला धडधाकट कार्डही सापडत नाही.

तेव्हा शब्द शोधू नये, कंपनीचा क्रमांक शोधावा. एलएसपीसीआयपुढे उणे चिन्ह देऊन एनएनके ही अक्षरं लावली, की प्रत्येक उपकरणाचा क्रमांक दिसतो आणि त्याला सध्या कोणता ड्रायव्हर सांभाळतो आहे तेही दिसतं. एनव्हीडियाचा क्रमांक १०डीई, एएमडीच्या कार्डांचा १००२, इंटेलचा ८०८६. (इंटेलनं आपल्या १९७८ सालच्या प्रोसेसरचाच आकडा ओळखक्रमांक म्हणून घेतला, याचं मला अजून कौतुक वाटतं.) कधी कधी कार्ड यादीत असतं, पण नावाऐवजी नुसताच ‘डिव्हाइस’ आणि चार अक्षरं असतात. त्यानंही घाबरायचं कारण नाही. आपल्या यंत्रातली नावांची वही जुनी आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ओळीच्या शेवटी कंसात ‘रेव्ह एफएफ’ आलं, तर कार्ड यादीत आहे पण त्याची वीज बंद आहे. तिथून काही उत्तरच येत नाही, म्हणून वाचणाऱ्याला सगळीकडे १ हाच अंक दिसतो, आणि संगणकाच्या लिखाणात त्याचं होतं एफएफ. तुटक्या लाइनवर मीटर लावला की काटा एका टोकाला जाऊन बसायचा, तसलाच हा प्रकार.

माझ्या यादीत १०डीई नव्हतंच. थ्रीडी नाही, व्हीजीए नाही, रेव्ह एफएफसुद्धा नाही. म्हणजे ड्रायव्हरचा विषय तिथेच मिटला. दोष त्याच्या अलीकडे होता.

मग बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो. काही लॅपटॉपमध्ये तिथे वेगळं कार्ड चालू-बंद करायची सोय असते, काहींत नसते. आमच्यात होती आणि दोन्ही कार्डं मिळून चालावीत अशीच लावलेली होती. माहितीच्या पानावर कार्डाचं नावही होतं. याचा मला आनंद व्हायला हवा होता, कारण लिनक्स सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर कार्ड हजर आहे याचा तो पुरावा होता. पण मी तेव्हा इतका वैतागलो होतो, की तो पुरावा नजरेखालून गेला आणि मी पुढचा उपाय केला: लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलेलं. आतल्या नियंत्रकात काही अडकून बसलं असेल तर यानं सुटतं. काही सुटलं नाही.

यानंतर जे झालं ते जरा सावकाश सांगतो, कारण नोकरीत असताना असा दोष सापडला की आम्ही डबा उघडायचं विसरून जायचो.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सुरू होताना आपण काय काय केलं याची नोंद ठेवतो. ती डीमेसेज या कमांडनं वाचता येते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते, यंत्र सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले ती, आणि तीही दशांशात. हजारभर ओळी असतात. मी त्यांत १०डीई शोधलं, सापडणार नाही याची खात्री बाळगूनच. पण ते होतं. पहिला सेकंद पुरा व्हायच्या आत ओळ होती: पीसीआय, पत्ता ०१:००.०, कंपनी १०डीई, वर्ग ०३०२. त्याखाली स्मृतीतले पत्ते वाटून दिल्याच्या ओळी, म्हणजे कर्नलनं त्याला नुसतं पाहिलं नव्हतं, घरात घेऊन पाटावर बसवलं होतं.

मग तोच पत्ता, ०१:००.०, पुढे कुठे येतो ते बघत गेलो. तिसऱ्या सेकंदाच्या आसपास एक ओळ होती, अगदी साधी. हे उपकरण त्याच्या आयओएमएमयू गटातून (उपकरणांना स्मृती वापरू देणाऱ्या व्यवस्थेतून) काढलं जात आहे. बस. त्यानंतर त्या पत्त्याचा उल्लेख नाही.

म्हणजे कार्ड आलं होतं, त्याची नोंद झाली होती आणि अडीच सेकंदांनी कुणीतरी त्याला उचलून बाहेर ठेवलं होतं. तुटलेली तार अशी वागत नाही. तुटलेल्या तारेला सुरुवातीपासूनच काही ऐकू येत नाही. इथे फोन लागला होता, आणि पलीकडून कुणीतरी रिसीव्हर खाली ठेवला होता.

पीसीआयची हजेरी पुन्हा घ्यायला सांगता येते. सिस्‌ नावाच्या फोल्डरमध्ये बस, त्यात पीसीआय, त्यात ‘रीस्कॅन’ नावाची एक फाइल असते. मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारानं तिच्यात नुसता १ लिहायचा, की कर्नल सगळ्या जागा पुन्हा चाचपून बघतो. एका खिडकीत डीमेसेजच्या चालू नोंदी लावल्या आणि दुसऱ्या खिडकीतून तो १ लिहिला. पहिल्या खिडकीत ओळी भराभर आल्या. ०१:००.०, १०डीई, ०३०२, पत्ते वाटले… आणि पापणी लवायच्या आत परत तीच ओळ. काढलं जात आहे. मी पुन्हा १ लिहिला. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. चार वेळा केलं, खरं सांगायचं तर चौथ्यांदा नुसतीच मजा म्हणून.

दारात कुणीतरी बसलं होतं. कार्ड आत आलं रे आलं, की ते बाहेर. लिनक्समध्ये दारात बसण्याचं काम यूडेव्ह करतं. नवं उपकरण आलं की त्याचं काय करायचं याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असतात, आणि आपण घातलेले नियम ईटीसी, यूडेव्ह, रूल्स डॉट डी या वाटेनं सापडतात. तिथे गेलो. तीनच फाइली. एका फाइलीच्या नावातच ‘रिमूव्ह’ हा शब्द. उघडली तर आत चार नियम. कार्डाबरोबर येणारा यूएसबीचा भाग, टाइप-सीचा भाग, आवाजाचा भाग आणि शेवटी स्वतः कार्ड. प्रत्येकाची अट एकच: कंपनी १०डीई असेल तर ‘रिमूव्ह’ची किंमत १ कर. कर्नल आपलं काम चोख करत होता, यूडेव्ह आपलं काम चोख करत होतं.

फाइलीची तारीख पाहिली. आठ महिन्यांपूर्वीची, रात्री साडेअकराची. तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे होता.

मग आठवलं. मी त्यावर लिहिणं-वाचणं यापलीकडे काही करत नसे. बॅटरी लवकर संपते म्हणून कुठेतरी वाचून ग्राफिक्स बदलणारं एक छोटं साधन टाकलं होतं आणि त्यात ‘फक्त अंतर्गत ग्राफिक्स’ हा पर्याय निवडला होता. बॅटरी खरंच जास्त वेळ टिकली. काही दिवसांनी, आता याची गरज नाही म्हणून, ते साधन काढून टाकलं. काढण्याआधी पर्याय पूर्ववत करायचा असतो, हे त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. साधन गेलं आणि त्यानं दारात बसवलेला पहारेकरी तिथेच राहिला. आठ महिने, कुणाच्याही आज्ञेविना, इमानेइतबारे.

फाइल काढली. मोडप्रोबच्या फोल्डरमध्ये ड्रायव्हरला मज्जाव करणारी तिची जुळी फाइल होती, तीही काढली. सुरुवातीच्या बूट-फाइलीत, म्हणजे इनिट्रॅमएफएसमध्ये, जुन्या फाइलींची नक्कल राहू शकते म्हणून ती नव्यानं बांधून घेतली. यूडेव्हला नियम परत वाचायला सांगितले आणि पाचव्यांदा १ लिहिला. ओळी आल्या आणि थांबल्या. ‘काढलं जात आहे’ आलं नाही. मी मिनिटभर वाट पाहिली. एलएसपीसीआयच्या यादीत थ्रीडी कंट्रोलर हजर.

इथे पत्र संपायला हवं होतं, पण ड्रायव्हर चढेना.

आणि हा दुसरा दोष आपल्या सदरातल्या उपायातून जन्मलेला होता, म्हणून तो लिहिणं भाग आहे. ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा त्याचा तुकडा, हातानं चढवायला गेलो तर उत्तर आलं, की चावी नाकारली गेली. या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू आहे. त्यात कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. मी आधी वापरत होतो त्या पॅकेजमधलं मॉड्यूल सही करूनच आलेलं होतं. दुसऱ्या रात्री जे पॅकेज टाकलं ते डीकेएमएसचं, म्हणजे मॉड्यूल आपल्याच यंत्रावर बांधणारं. त्यावर सही होते ती आपल्याच यंत्रात तयार झालेल्या चावीनं, आणि ती चावी यंत्राला ओळखीची करून द्यावी लागते. त्यासाठी पॅकेज टाकताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो, ‘कोणतंही बटण दाबा’ असं म्हणतो, १० सेकंद मोजतो आणि कुणी काही दाबलं नाही तर गप्प निघून जातो. त्या रात्री मी पासवर्ड दिला होता, लॅपटॉप रीस्टार्टला लावला होता आणि चष्मा शोधायला आत गेलो होतो.

मोकयूटिल या कमांडनं तीच चावी पुन्हा रांगेत लावली, पासवर्ड पुन्हा ठरवला आणि रीस्टार्ट केल्यावर या वेळी समोरून हललो नाही. निळा पडदा, बटण, ‘एनरोल मोक’ (म्हणजे चावी नोंदवा), पासवर्ड, पुढे चला. एनव्हीडिया-एसएमआयनं अखेर आपला तक्ता काढला: कार्डाचं नाव, तापमान, किती स्मृती वापरात. ‘ड्रायव्हर पुन्हा टाका’ हा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो. करून बघायला काय जातं! माझं हे असं गेलं. एका दोषाचे दोन झाले, आणि दोन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण अगदी एकच, कार्ड सापडत नाही.

पुतणीला बोलावलं. तिनं ब्लेंडर न उघडता आधी दुसरीच एक तपासणी केली, आणि म्हणाली, “काका, हे तर अजून इंटेलच दाखवतंय.” हा तिसरा प्रकार, आणि यात मुळात दोषच नसतो. दोन कार्डांच्या लॅपटॉपमध्ये नेहमीची खिडकी, ब्राउझर, सगळं इंटेलवरच चालतं, आणि चालावं. मोठं कार्ड रिकामं असलं की झोपतं, नव्या पिढीतली कार्डं तर जवळजवळ पूर्ण वीज तोडून झोपतात. एखादा प्रोग्राम मोठ्या कार्डावर चालवायचा असेल तर तसं सांगून चालवावा लागतो. एएमडीच्या किंवा खुल्या ड्रायव्हरवरच्या कार्डाला डीआरआय_प्राइम हा शब्द (मध्ये अधोरेषा, सगळी अक्षरं मोठी) आणि पुढे बरोबरचं चिन्ह आणि १. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरला लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत (आवृत्त्यांत) ‘प्राइम-रन’ असं आधी लिहून. ब्लेंडरच्या रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्याच्या कामाला, हेही लागत नाही, ते कार्डाकडे थेट जातं. यादीत नाव आलं, तिनं खूण केली, आणि पंख्याचा आवाज बदलला. ४ मिनिटांचं चित्र २५ सेकंदांत.

आज ‘प्राइम-रन’ एका शब्दात लिहिता येतं, तेही सुखासुखी झालेलं नाही. दोन ग्राफिक्समध्ये आपोआप बदल करणारं ऑप्टिमस एनव्हीडियानं २०१० मध्ये आणलं, पण ते विंडोजसाठी. लिनक्सवाल्यांनी २०११ मध्ये बंबलबी नावाचा आपला मार्ग काढला. त्याच्या सुरुवातीच्या एका स्क्रिप्टमध्ये एका वाटेच्या मध्ये चुकून मोकळी जागा पडली होती. त्या एका स्पेसमुळे ‘हे छोटं फोल्डर पुस’ याचं ‘अख्खं यूएसआर फोल्डर (जिथे बहुतेक सगळे प्रोग्राम असतात) पुस’ झालं, आणि ज्यांनी ते चालवलं त्यांची लिनक्सच गेली. इंटरनेटवरून उचललेली कमांड अधिकार देऊन चालवण्याआधी मला अजून ती मोकळी जागा आठवते. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हीडियाला उद्देशून जे म्हटलं आणि बोटानं जे दाखवलं, ते आपल्या वृत्तपत्रात छापता येणार नाही. ड्रायव्हरमध्येच काम वाटून देण्याची नीट सोय २०१९ मध्ये आली, आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीनं कर्नलमधल्या मॉड्यूलचा कोड खुला केला. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘लिनक्सवर कार्ड दिसत नाही’ हे बऱ्याच वेळा शब्दशः खरं होतं. त्या काळची उत्तरं अजून फिरत आहेत, आणि लोक ती आजच्या यंत्रांना देत आहेत.

कार्डं खरोखर मरतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. मरतात. तापून जोड सुटतात, स्मृतीची चिप जाते. पण मृत्यूचा दाखला कुणी द्यायचा? बायोसमध्ये नाव नाही, डीमेसेजमध्ये पहिल्या सेकंदापासून मागमूस नाही, आणि पेनड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स चालवलं तरी हजेरीत नाही. हे तिन्ही जुळलं तर खुशाल दुरुस्तीचा विचार करावा.

यातली पेनड्राइव्हची गोष्ट मी सगळ्यात आधी करायला हवी होती. आम्ही पिलरपाशी लाइन मधोमध सोडवायचो. एक्स्चेंजच्या बाजूला आवाज आहे? मग दोष घराकडे. नाही? मग केबलमध्ये. अर्धी तार एका मिनिटात निर्दोष सुटायची. ताज्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न टाकता, नुसतं चालवून एलएसपीसीआय बघणं म्हणजे तेच. तिथे कार्ड दिसलं तर लोखंड ठीक, गोंधळ आपल्या टाकलेल्या प्रणालीत. दहा मिनिटांचं काम होतं. मी दोन रात्री ड्रायव्हर उतरवत बसलो, तीही आयुष्यभर दुसऱ्यांना ‘आधी लाइन अर्ध्यात तोड’ हे सांगून झाल्यावर.

तेव्हा सदर लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की असा प्रश्न आला तर उत्तराआधी वाचकाकडून तीन गोष्टी मागवाव्यात: एलएसपीसीआयच्या यादीत १०डीई किंवा १००२ असलेल्या ओळी, डीमेसेजमध्ये त्याच पत्त्याचा जिथे जिथे उल्लेख आहे त्या ओळी, आणि सिक्युअर बूट चालू आहे की बंद. दहा-बारा ओळींचा मजकूर होईल. तो वाचून उत्तर द्यायला आठवडा गेला तरी चालेल. ज्या वाचकानं प्रश्न विचारला होता त्यानं एव्हाना कार्ड गेलं असं समजून लॅपटॉप कुणाला देऊन टाकला नसेल, अशी आशा आहे. टाकला असेल तर घेणाऱ्याला हे पत्र दाखवावं.

माझं नाव छापू नये. पुतणीनं त्या संध्याकाळी विचारलं होतं, की नेमकं काय झालं होतं, आणि मी मान हलवून “यूडेव्हचा काहीतरी नियम होता” एवढंच सांगितलं होतं. ती आपलं वृत्तपत्र वाचते. आठ महिन्यांपूर्वी रात्री साडेअकरा वाजता तो लॅपटॉप कुणाकडे होता, हे तिला नावाशिवायही कळेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ